सरकारी पाळत गृहीत धरून चौघांचं काम कसं चालवावं? (व्हीपीएन, बॅकअप, जप्ती, टॉर)

टिपणकार (धागाकर्ता)

चार जणांचा गट आहे. लोकांच्या मुलाखती घेणं, त्यांनी दिलेले कागद आणि फोटो जपणं, त्यावरून अहवाल लिहिणं हे काम. माहिती देणाऱ्यांची नावं बाहेर गेली तर भोगावं त्यांना लागेल. म्हणून सरकारी यंत्रणेची नजर आहे असं धरूनच सगळी मांडणी करायची आहे.

सध्याची सामग्री: विंडोज ११ चे दोन लॅपटॉप (एक होम, एक प्रो), तीन अँड्रॉइड फोन, एक आयफोन. बोलणं व्हॉट्सॲप ग्रुपवर, फायली गूगल ड्राइव्हवर. नेटवर जाताना पैसे भरून घेतलेला व्हीपीएन आणि ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी.

व्हीपीएन आणि इन्कॉग्निटो एवढ्यावर भागतं का? लॅपटॉप किंवा फोन जप्त झाला तर आतलं कितपत सुरक्षित राहतं? आणि टॉर (आपली रहदारी अनेक संगणकांतून फिरवून ओळख लपवणारं नेटवर्क) वापरला की उलट आपणच नजरेत भरतो असं म्हणतात, त्यात तथ्य किती? शक्य तितक्या बारकाव्यांसह सांगा, अगदी सेटिंगच्या नावापर्यंत.

कडीकोयंडा

आधी पाळतीचे चार प्रकार वेगळे करा, नाहीतर धोका एकीकडे आणि बंदोबस्त दुसरीकडे असं होतं. पहिला, वाटेवर बसून रहदारी बघणं. दुसरा, कंपनीला आदेश देऊन तिच्याकडे साठलेलं मागणं. तिसरा, उपकरण ताब्यात घेणं. चौथा, फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवणं. यातल्या कुठल्याच प्रकारात एन्क्रिप्शन (चावीशिवाय मजकूर वाचता येऊ नये असं कुलूप) फोडत बसायची वेळ सहसा येत नाही. मजकूर जिथे उघडा पडलेला असतो तिथून तो उचलला जातो. तेव्हा तुमचा प्रत्येक निरोप आणि प्रत्येक फाइल कुठेकुठे उघडी पडून राहते, ते चौघांनी बसून कागदावर मांडा. खालचं सगळं त्या कागदावरून ठरेल.

व्हीपीएन पहिल्या प्रकाराच्या फक्त एका भागावर चालतो. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने दिलेल्या कागदपत्रांतून केबलवरची टेहळणी आणि 'प्रिझम' या अमेरिकी कार्यक्रमाखाली कंपन्यांकडून घेतला जाणारा डेटा, दोन्ही उघड झाले. त्यानंतर एचटीटीपीएस (ब्राउझर आणि साइट यांच्यातला मजकूर एन्क्रिप्ट करणारी जोडणी) जवळपास सगळीकडे पसरलं, त्यामुळे नेट पुरवणाऱ्याला आज पानावरचा मजकूर दिसत नाही. दिसतं ते असं: कोणत्या साइटवर गेलात (डीएनएस विचारणा, म्हणजे नावावरून साइटचा पत्ता शोधणं, आणि जोडणी सुरू होताना उघडं जाणारं साइटचं नाव, या दोन्हींतून), कधी गेलात, किती डेटा आला-गेला. व्हीपीएन घेतला की हीच नोंद नेट पुरवणाऱ्याऐवजी व्हीपीएनवाल्याच्या हाती जाते. विश्वास एकाकडून काढून दुसऱ्यावर ठेवला, एवढाच फरक. आम्ही नोंदी ठेवत नाही म्हणणाऱ्या कंपनीलाही आजपासून ठेवा असा आदेश येऊ शकतो. २०२१ मध्ये स्विस आदेशावरून प्रोटॉनमेल या एन्क्रिप्टेड ईमेल सेवेला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला होता. इन्कॉग्निटोबद्दल थोडक्यात: ती खिडकी बंद केल्यावर इतिहास आणि कुकी तुमच्याच संगणकावर राहत नाहीत. बाहेरच्यांना दिसणारं काहीही त्याने लपत नाही.

खरी गळती दुसऱ्या प्रकारात आहे. व्हॉट्सॲपचे निरोप २०१६ पासून सिग्नल या खाजगीपणावर भर देणाऱ्या निरोप ॲपच्याच प्रोटोकॉलने दोन टोकांमध्ये एन्क्रिप्ट होतात, ते पक्कं आहे. पण गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा चॅटचा बॅकअप आपोआप तसा होत नाही. सेटिंग्जमध्ये चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप असं जाऊन तो चालू करावा लागतो. तिथे पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकांची की निवडा. आणि हे चौघांनीही करायला हवं. तिघांनी केलं आणि एकाने नाही, तर सगळ्या ग्रुपचं बोलणं त्या एकाच्या बॅकअपमध्ये उघडं पडलेलं असेल. शिवाय कोण कोणाशी कधी बोललं, ग्रुपमध्ये कोण आहे, ही माहिती कंपनीकडे राहतेच. माहिती देणारा कोण हे कळायला बऱ्याचदा तेवढं पुरतं, निरोप वाचायची गरजही पडत नाही.

म्हणून ग्रुप सिग्नलवर हलवा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या ग्रँड ज्युरीचं समन्स आलं तेव्हा सिग्नलकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि सर्व्हरशी शेवटची जोडणी कोणत्या दिवशी झाली. मात्र ॲप नुसतं टाकून भागत नाही. फोन नंबरच्या सेटिंगमध्ये नंबर कोणाला दिसावा आणि नंबरवरून कोणाला शोधता यावं, दोन्हीकडे 'नोबडी' करा आणि यूजरनेम घ्या. रजिस्ट्रेशन लॉक चालू करा, म्हणजे तुमचं सिम दुसऱ्याने मिळवलं तरी पिनशिवाय खातं उघडणार नाही. निरोप आपोआप नाहीसे होण्याची मुदत एक आठवडा ठेवा. ६० अंकी सेफ्टी नंबर समोरासमोर बसून जुळवा. 'लिंक्ड डिव्हायसेस'ची यादी दर आठवड्याला बघा: खोटा क्यूआर कोड स्कॅन करायला लावून आपलं उपकरण जोडून घेण्याचा प्रकार २०२५ च्या सुरुवातीला गूगलच्या संशोधकांनी मांडला होता. यात एन्क्रिप्शनला धक्काही लागत नाही, नवं उपकरण रीतसर सगळं वाचत बसतं.

नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर दोन्ही बंद ठेवा. अँड्रॉइडमध्ये 'नोटिफिकेशन हिस्ट्री' चालू असेल तर निरोप ॲपमधून नाहीसा झाल्यावरही २४ तास तिथे वाचता येतो. तीही बंद करा.

गूगल ड्राइव्हवरच्या फायली एन्क्रिप्टेड असतात, पण चाव्या कंपनीच्या. क्रिप्टोमेटर वापरलंत तर फाइल तुमच्याच संगणकावर एन्क्रिप्ट होऊन मग वर जाते, नावासकट. फायलींची संख्या, अंदाजे आकार आणि बदलल्याची वेळ तरीही दिसते. ड्राइव्हवर आधीपासून असलेल्या उघड्या फायली काढायला आणि ट्रॅश रिकामा करायला विसरू नका.

आयफोनवाल्यांनी आयक्लाउडमध्ये 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' चालू करावं. डिसेंबर २०२२ पासून ही सोय आहे. ब्रिटनमधल्या नव्या वापरकर्त्यांसाठी ॲपलने ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. ज्या देशाचं खातं आहे तिथे ती आहे का, ते तपासून घ्या.

उंबरठा

कडीकोयंडांनी बोलणं आणि क्लाउड घेतलं, मी जप्तीचं सांगतो.

विंडोज होममध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं, पण त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढं ठीक. इथे मात्र कंपनीला आदेश गेला की कुलूप उघडलं. प्रोवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असतं, तिथे 'मॅनेज-बीडीई' ही आज्ञा वापरून जुना रिकव्हरी पासवर्ड काढून नवा जोडता येतो, पूर्ण डिस्क पुन्हा एन्क्रिप्ट करावी लागत नाही. नवा पासवर्ड कागदावर उतरवा, खात्यात चढवू नका.

दुसरी भानगड टीपीएमची, म्हणजे लॅपटॉपमधल्या चाव्या जपणाऱ्या चिपची. नेहमीच्या मांडणीत टीपीएम चिप लॅपटॉप चालू होताच डिस्कची की आपणहून सोडते, तुम्हाला काही विचारत नाही. चिप वेगळी बसवलेली असेल तर बोर्डावरच्या तारांतून ती की वाचून दाखवलेली आहे. उपाय म्हणजे सुरुवातीलाच पिन. ग्रुप पॉलिसीत बिटलॉकरच्या ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हखाली 'रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप' चालू करा आणि मग टीपीएम अधिक पिन हा प्रोटेक्टर जोडा. पिन सहा अंकी चालतो, मी आठ-दहा अंकी सुचवेन. लहान पिन इथे चालतो, कारण मोजणी चिप करते: विंडोजच्या मांडणीत ३२ चुका झाल्या की ती अडते आणि नंतर दर दहा मिनिटांनी एकच संधी देते.

होमवर हा पिन लावता येत नाही. तिथे तीन पर्याय: प्रो घ्या, व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने सिस्टिम ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा, किंवा लिनक्स टाकून बसवतानाच लक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) निवडा. पण या शेवटच्या दोघांत मोजणी करणारी चिप नाही. डिस्कची प्रत काढून हवे तितके पासवर्ड हवे तितक्या वेगाने लावून बघता येतात. तिथे पिन किंवा ओळखीचं वाक्य चालणार नाही. फाशांनी शब्द काढा: पाच फासे टाकले की ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द ठरतो. एका शब्दाचे साधारण १२.९ बिट, सहा शब्दांचे ७७. सहाच्या खाली जाऊ नका. आणि शब्द आवडला नाही म्हणून फासे पुन्हा टाकू नका. निवड तुमची झाली की यादृच्छिकपणा गेला.

बरेच जण सिस्टिम उघडी ठेवून फक्त व्हेराक्रिप्टची एक कंटेनर फाइल करतात आणि नावं त्यात ठेवतात. हे अपुरं आहे. कंटेनर उघडून आतली फाइल पाहिली की विंडोज तिचं नाव 'रिसेंट' यादीत टाकतं, फोटोची लघुप्रतिमा साठवतं, वर्ड तात्पुरती प्रत ठेवतं. हायबरनेट केलं तर रॅम जशीच्या तशी डिस्कवर उतरते, त्यात कंटेनरची कीसुद्धा असू शकते. आधी पूर्ण डिस्क, कंटेनर त्याच्या वर.

झाकण मिटणं म्हणजे लॅपटॉप बंद होणं नाही. स्लीपमध्ये की रॅममध्येच असते. रॅम थंड करून वीज गेल्यावरही तिच्यातली की वाचता येते हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलं. जागेवरून उठताना लॅपटॉप शट डाउन करा.

फोनमध्येही हीच गोष्ट वेगळ्या नावाने आहे. चालू केल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत फोनमधला बहुतेक डेटा खरोखर कुलूपबंद असतो. एकदा पिन टाकला की पडदा लॉक दिसला तरी बऱ्याचशा चाव्या मेमरीत असतात, आणि फोन उकरणारी व्यावसायिक यंत्रं याच अवस्थेवर जास्त यशस्वी होतात. म्हणून फोन हातातून जाण्याची शक्यता दिसली की तो बंद करा. तेवढा वेळ मिळाला नाही तर मदतीला आपोआप होणारा रीस्टार्ट आहे: आयओएस १८.१ पासून ७२ तास न उघडलेला आयफोन स्वतः रीस्टार्ट होतो, अँड्रॉइडमध्ये २०२५ मध्ये तीन दिवसांची तशीच सोय आली, ग्राफीनओएसमध्ये (अँड्रॉइडवर बांधलेली अधिक सुरक्षित प्रणाली) मुदत १८ तास आहे आणि ती कमीही करता येते. पिनऐवजी अक्षरं-अंकांचा पासवर्ड ठेवा. बोटाचा ठसा आणि चेहरा बळजबरीने वापरता येतो, तेव्हा अवघड ठिकाणी जाताना अँड्रॉइडच्या पॉवर मेन्यूतलं 'लॉकडाउन' दाबा. आयफोनवर बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र धरून बंद करण्याची पट्टी आणली की पुढच्या वेळी पासकोडच लागतो.

एसएसडीवर फाइल पुसणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून डिस्क नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहिते, जुना तिथेच राहू शकतो. पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

निरगाठ

वर एचटीटीपीएसबद्दल जे म्हटलंय त्याला एक जोड. एचटीटीपीएस उभं आहे ते उपकरणात बसवलेल्या मूळ प्रमाणपत्रांवर, म्हणजे साइट खरी आहे याची हमी देणाऱ्यांच्या यादीवर. २०११ मध्ये अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या डिजिनोटार या डच कंपनीत घुसून गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र काढलं गेलं आणि इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर वापरलं गेलं. कझाकस्तानात २०१९ मध्ये तर नागरिकांनाच सरकारी मूळ प्रमाणपत्र बसवायला सांगितलं होतं. त्या ऑगस्टमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांनी ते नाकारलं. कोणतंही कार्यालय, संस्था किंवा वायफाय 'हे प्रमाणपत्र बसवा' म्हणालं तर बसवू नका. अँड्रॉइडवर सुरक्षा सेटिंग्जमधल्या 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स'मध्ये 'यूजर' हा भाग रिकामा आहे ना, बघा. विंडोजवर 'certmgr.msc' उघडून मूळ प्रमाणपत्रांत अनोळखी नाव आहे का, तेही.

टिपणकार

खूप उपयोगी. बॅकअपची गोष्ट लक्षातच आली नव्हती. आणखी दोन शंका: गूगल खात्याला एसएमएसचा ओटीपी लावलाय, तो पुरतो का? आणि फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरलंय हे ओळखायचं कसं? टॉरचंही राहिलंय.

रात्रपाळी

ओटीपी आधी. एसएमएस दूरसंचार कंपनीतून जातो, आणि इथे तुमचा प्रतिपक्ष त्या कंपनीला सांगू शकतो. २०१६ मध्ये रशियात दोन कार्यकर्त्यांच्या टेलिग्राम खात्यांत असाच प्रवेश झाला: रात्री त्यांची एसएमएस सेवा बंद झाली आणि लॉगिनचा कोड दुसऱ्याने वापरला. ॲपमध्ये बनणारे सहा अंकी कोड त्याहून बरे, पण खोट्या पानावर तुम्ही स्वतःच ते भरून देऊ शकता. फिडो२ या लॉगिनच्या मानकाची यूएसबी की साइटचा पत्ता स्वतः तपासते, खोट्या पानाला उत्तरच देत नाही. माणशी दोन घ्या, एक रोजची, एक दुसरीकडे ठेवलेली. मग गूगलचा 'ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन प्रोग्राम' चालू करा. आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: की लावतात, पण रिकव्हरीसाठी दिलेला फोन नंबर तसाच ठेवतात. मागचं दार उघडंच राहिलं. तो नंबर काढा. रिकव्हरीचा ईमेल असेल तर त्या खात्यालाही तेवढंच पक्कं करा.

हेरगिरीचं सॉफ्टवेअर ओळखण्याबद्दल: बॅटरी लवकर उतरणं, फोन तापणं यावरून काही ठरत नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमधल्या त्रुटीतून पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर सुमारे १,४०० जणांच्या फोनवर सोडलं गेलं, त्यात फोन उचलावाही लागत नव्हता. ॲम्नेस्टीचं 'मोबाइल व्हेरिफिकेशन टूलकिट' फोनच्या बॅकअपमधल्या ज्ञात खुणा तपासतं. काही सापडलं तर ते महत्त्वाचं. काही सापडलं नाही म्हणजे फोन स्वच्छ, असं मात्र नाही. ॲपलकडून धोक्याची सूचना आली तर फोन रीसेट करू नका, पुरावा जाईल. तो बाजूला ठेवून दुसऱ्या फोनवरून ॲक्सेस नाऊच्या डिजिटल सिक्युरिटी हेल्पलाइनला कळवा.

अडवण्याचे उपाय कंटाळवाणे आहेत पण चालतात. अपडेट आलं त्याच दिवशी टाका. आयफोनवर 'लॉकडाउन मोड' (आयओएस १६ पासून) चालू ठेवा: मेसेजमधली बहुतेक अटॅचमेंट, लिंकची पूर्वझलक आणि ब्राउझरमधल्या काही वेगवान पण जोखमीच्या सोयी बंद होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सापडलेला ब्लास्टपास हल्ला या मोडमध्ये चालला नसता, असं ॲपलनेच कळवलं होतं. रोज एकदा फोन रीस्टार्ट करा. अशी बरीच सॉफ्टवेअर फक्त मेमरीत राहतात आणि रीस्टार्टला टिकत नाहीत, पुन्हा शिरावं लागतं. अँड्रॉइडवर सिमच्या सेटिंगमध्ये २जी बंद करा, म्हणजे खोट्या टॉवरला फोन जुनाट एन्क्रिप्शनवर उतरवता येणार नाही. आणि सिम बदलल्याने काही साधत नाही: फोनचा आयएमईआय (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) तोच राहतो, दोन्ही सिम एकाच माणसाची हे टॉवरच्या नोंदीतून लगेच जुळतं.

निरगाठ

टॉरचं मी सांगतो. रहदारी तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या संगणकांतून, जाते. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला तुम्ही कुठे गेलात ते, दोन्ही एकाला कळत नाही. पण तुम्ही टॉर वापरताय हे नेट पुरवणाऱ्याला दिसतं, तेव्हा तुमच्या शंकेत तथ्य आहे. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये बॉम्बची खोटी धमकी टॉरवरून गेली. त्या वेळी विद्यापीठाच्या नेटवर्कवर टॉर कोण वापरत होतं, एवढ्यावरून पाठवणारा सापडला. टॉर फुटला नव्हता, वापरणारेच मोजके होते. यावर ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेलं प्रवेशद्वार, हा उपाय: टॉर ब्राउझरच्या 'कनेक्शन' सेटिंगमध्ये ऑब्फ्सफोर, स्नोफ्लेक किंवा वेबटनेल निवडा, मग जोडणी टॉरसारखी दिसत नाही. दुसरं म्हणजे टॉर ऐन कामाच्या क्षणापुरता उघडू नका. साध्या वाचनालाही वापरत राहा, म्हणजे वेळेवरून काही जुळणार नाही.

टॉरमध्ये स्वतःच्या नावाच्या खात्यात लॉगिन केलंत तर सगळं व्यर्थ. एक्स्टेन्शन टाकू नका, त्याने तुमचा ब्राउझर इतरांपेक्षा वेगळा उठून दिसतो. उतरवलेली वर्ड किंवा पीडीएफ फाइल नेट चालू असताना उघडू नका, ती टॉरच्या बाहेरून थेट कुठेतरी जोडणी करू शकते. डेंजरझोन फाइलची चित्रं करून नवी निरुपद्रवी पीडीएफ बनवतं, ते वापरा. नावांचं काम टेल्स या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रणालीवर करा: किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावरून लॅपटॉप चालू करायचा, सगळी जोडणी टॉरमधूनच होते आणि बंद केल्यावर लॅपटॉपवर खूण राहत नाही.

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही: अहवाल बाहेर देताना होणारी गळती. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जीपीएसची नोंद त्यात तशीच जाते. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालची अक्षरं निवडून कॉपी करता येतात. आधी नाव खोडा, मग पानाचं चित्र करा. रंगीत लेझर प्रिंटर बऱ्याचदा कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात, त्यात प्रिंटरचा क्रमांक आणि वेळ असते. म्हणून मिळालेल्या मूळ कागदाचं स्कॅन कधीच प्रसिद्ध करू नका. मजकूर नव्याने टाइप करा.

टिपणकार

ठरलं: प्रोला पिन, होमवर लिनक्स आणि लक्स. पण सहा शब्दांचा पासवर्ड एखादा विसरला तर? आणि गटातून कोणी बाहेर पडलं तर?

उंबरठा

शब्द पाठ होईपर्यंत, साधारण दोन आठवडे, कागदावर असू द्या. बिटलॉकरचा रिकव्हरी पासवर्ड कायम कागदावर, दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन्ही लॅपटॉपपासून लांब. त्याने डिस्क खरोखर उघडते का ते एकदा करून बघा, कारण हाताने उतरवलेल्या ४८ अंकांत एक तरी चुकलेला असतो.

लक्समध्ये डिस्कच्या सुरुवातीचा हेडर (ज्यात पासवर्डने कुलूपबंद केलेली मुख्य की असते) खराब झाला तर बरोबर पासवर्ड असूनही काही उघडत नाही. म्हणून लक्सच्या 'क्रिप्टसेटअप' या आज्ञेने हेडरची प्रत काढून वेगळ्या एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हवर ठेवा. ही प्रत मात्र सांभाळा: प्रत काढताना जो पासवर्ड होता तो तिच्यात कायमचा जिवंत असतो. नंतर डिस्कवरचा पासवर्ड बदललात तरी जुनी प्रत आणि जुना पासवर्ड असलेला माणूस ती डिस्क उघडू शकतो, कारण आतली मुख्य की बदललेलीच नसते. व्हेराक्रिप्टच्या हेडरचंही तसंच. कोणी गटातून बाहेर पडलं किंवा पासवर्ड फुटल्याचा संशय आला, तर नुसता पासवर्ड न बदलता 'क्रिप्टसेटअप रीएन्क्रिप्ट' चालवा. त्याने मुख्य कीच नवी होते. आधी बॅकअप घ्या, चार्जर लावून ठेवा, मोठ्या डिस्कला काही तास लागतात. झाल्यावर हेडरची नवी प्रत काढा आणि जुनी प्रत असलेला पेनड्राइव्ह फोडून टाका.